अक्काच्या लुगड्यातला कॅमेरा

आमची अक्का घरच्या ओट्यावर घसरली. स्वतःच्या अंगणात, चपला घालून, कुठेही न जाता. आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे मी, घसरायला शिकायचं म्हणून दिल्लीच्या गाडीचं रिझर्वेशन करून पार हिमालयात, औलीच्या बर्फात गेले. साधं काही करायचं नाही, असा आमच्या घराण्याचा नियमच आहे.

खरं म्हणजे औलीला आम्ही दोघी जाणार होतो. या खुळाचं मूळ फार जुनं. आमचे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. हंगामात तिथल्या अंगणात कापसाचा असा डोंगर लागायचा की पलीकडचा माणूस दिसायचा नाही. आम्ही दोघी मागून चढायचो आणि वरून घसरत खाली यायचो. मुकादम ओरडायचा, घरी आई बडवायची, आणि दुसऱ्या दिवशी अक्का परत माझा हात धरून, "चल." एकदा कोणाच्या तरी घरी कॅलेंडरवर बर्फाच्या डोंगराचं चित्र बघून ती म्हणाली होती, "हे पाह्य, केवढी मोठी गंजी! इथे मुकादम पण नाही दिसत."

मग काय, लग्नं झाली. ती बहादरपूर गावी केळीच्या बागेत गेली, मी शहरात, शनवाऱ्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानात. बर्फ राहिला कॅलेंडरवर. आता म्हातारपणी माझ्या नातीने शोधून काढलं की औलीला आमच्या वयाच्या लोकांना पण स्की शिकवतात. "आजी, एकदम सेफ आहे. छोटा स्लोप असतो, बच्चे लोक पण करतात." तिकिटं निघाली, स्वेटरं निघाली, आणि अक्का ओट्यावर घसरली.

खुब्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता वॉकर धरून चाला. आणि आमची अक्का, जी बिबट्या आल्याची बोंब उठली तरी बागेत पाणी द्यायला जायची, तिने जमिनीला पाय लावायला नकार दिला. पाय खाली सोडला की परत घसरेन म्हणे. मुलाने हात जोडले, सुनेने समजावलं, डॉक्टर तर रागावलेच. अशा पडून राहिलात तर कायमच्या पडून राहाल, असं तोंडावर बोलले. अक्काने त्यांना चहा पाजला आणि छताकडे बघत पडून राहिली. नवा वॉकर कोपऱ्यात उभा. त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला.

मी तिला सांगायला गेले. "अक्का, मी तिकीट रद्द करते."

"कर ना. मग दोघी मिळून छत बघू. इकडून पाल येते संध्याकाळी, बघण्यासारखी असते."

"तू नाही तर मी जाऊन काय करू?"

"घसर," ती म्हणाली. "पण हे बघ, ते बर्फात हात पसरून उभं राहिलेले फोटो मला आणू नको. तसले तुझ्या शनवाऱ्यातल्या बायकांच्या मोबाइलात ढिगाने आहेत. मला वरून खाली येतानाचं पाहिजे. तू पडलीस तर ते पण पाहिजे. आणि पडून उठलीस, असं मला दाखवलंस ना, तर मी पाय टेकवते. घे, शब्द दिला."

आणि उशाखालून एक लुगड्याचा तुकडा काढून दिला. कापूस वेचताना ती त्याची ओटी, म्हणजे पोटाशी झोळी, बांधायची. "पोटाला बांध. थंडी पोटातून शिरते."

आता झाली पंचाईत. मी खाली येतानाचं टिपणार कोण? नात सोबत होतीच, आणि अक्काच्या जागी यायला आमचे हे होतेच. दुकान मुलाकडे दिल्यापासून ह्यांनी फोटोग्राफीची कला स्वतःच स्वतःला शिकवली आहे, आणि विद्यार्थी व गुरू दोघंही एकमेकांवर फार खूश आहेत. त्यांचा कॅमेरा म्हणजे तान्हं मूल. पुढे ती लांब नळी, मागे पिशवी, पिशवीत दुसरी नळी, आणि तिपाई वेगळी. राजघाटावरची तापी आणि असीरगडावरची माकडं ह्यांनी इतक्यांदा काढलीत की माकडं आता ह्यांना बघून तोंड फिरवतात.

"कॅमेऱ्याची जबाबदारी माझी," हे म्हणाले, तेव्हाच मी देवाजवळ दिवा लावायला हवा होता.

पॅकिंग पण ह्यांनीच केलं. आमच्याकडे केळीचा घड ट्रकात वाळल्या पाल्याच्या गादीवर बसून दिल्लीपर्यंत जातो आणि अंगावर डाग पडत नाही. मग कॅमेऱ्याला का पडावा? अक्काच्याच बागेतून हे वाळका पाला घेऊन आले. नळीला पाला, कॅमेऱ्याला पाला, वरून केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, करकचून बांधलं. औलीच्या हॉटेलात ते बोचकं सोडलं तर गालिचाभर पाल्याचा चुरा. हॉटेलवाला दारात येऊन अदबीने म्हणाला, "बाबूजी, हवन करना है तो बाहर आँगन में कर लीजिए."

नात हसून गादीवर लोळली. "आजोबा, मोबाइल है ना यार! मी काढते व्हिडिओ."

"खेळणं आहे ते," हे म्हणाले. आणि बघा, कधी नव्हे ते ह्यांचं खरं झालं. दुसऱ्या दिवशी उतारावर नातीने मोबाइल बाहेर काढला आणि थंडीने त्याने तिथल्या तिथे मान टाकली. भरलेली बॅटरी, पण मोबाइल गप्प. खोलीत आणला की परत हुशार. म्हणजे आता सगळी भिस्त तान्ह्या बाळावरच.

ह्यांनी पहिल्यांदा कॅमेरा गळ्यात घातला. स्कीच्या त्या लांब फळ्या पायात, दोन्ही हातांत काठ्या, आणि छातीवर हे लोढणं. हे जरा सरकले की ते हवेत जायचं आणि परत येऊन हनुवटीवर आपटायचं. शिकवणारा गढवाली मुलगा फार सभ्य. "बाबूजी, पहले अपने को सँभालिए, कैमरा बाद में."

"कैमरा ही तो सँभाल रहा हूँ," हे म्हणाले. हनुवटीवर तोवर आवळ्याएवढं टेंगूळ.

मग ह्यांनी सगळं पाठीवर घेतलं. पिशवी, नळ्या आणि ती तिपाई. मी विचारलं, तिपाई कशाला? तर म्हणे, लागली तर. लागली ना! पाठीमागे एवढं ओझं, आणि फळ्या पुढे पळायला बघतात. हे जे मागे कलंडले ते उलट्या पडलेल्या शेणकिड्यासारखे, चारही हातपाय वर. उठवलं की परत तेच. सगळा दिवस ह्यांनी हिमालयाचं आभाळच काय ते बघितलं. मी आपली त्या मुलाच्या मागे मागे शिकत होते. तो म्हणायचा, पायांचा पिज्जा बनवा. मला काही पिज्जा कळेना. मग मी बैलगाडी आठवली. पुढे जुवाजवळ दोन्ही दांड्या मिळतात आणि मागे फाकतात, तसे पाय ठेवायचे. ठेवले, तर थांबले की मी! तो मुलगा म्हणाला, "माताजी तो सीख गईं." ह्यांना ते ऐकू आलं नाही. हे आडवे होते.

शेवटची सकाळ उजाडली. दुपारी जीप निघणार, आणि अक्काला दाखवायला काय होतं? ह्यांच्या बुटांचे फोटो आणि आभाळाचे. मला तो कोपऱ्यातला वॉकर दिसायला लागला, त्याच्यावरच्या टॉवेलासकट.

मी म्हटलं, "आणा तो इकडे."

"काय?"

"कॅमेरा. मी नेते."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"तुम्हाला फळ्यांतलं जितकं कळतं तितकं."

अक्काचा तुकडा जाकिटावरून कमरेला गुंडाळला आणि ओटी बांधली. आयुष्यभर कापूस वेचणाऱ्या बायका बघत आलेय मी. ओझं पोटाशी असलं की बाई आपोआप पुढे वाकते आणि हात मोकळे राहतात. लुगड्याच्या दोन घड्यांतून नळीचं तोंड तेवढं बाहेर काढलं. कॅमेरा असा गच्च बसला की हलायचं नाव नाही. तो मुलगा बघतच राहिला. "माताजी, यही तो मैं बोल रहा हूँ, वज़न आगे!" दोन दिवस तो ह्यांना हेच सांगत होता. हे दोन दिवस ऐकत नव्हते. घरात मला याची सवय आहे, तो बिचारा नवीन होता.

कॅमेरा चालू करायचा मान मात्र ह्यांनी सोडला नाही. बटण दाबलं. मग म्हणाले, "थांब, काचेवर बर्फाचा कण आहे." आणि चष्मा पुसतात तसं काचेजवळ तोंड नेऊन हाऽऽ केलं, रुमालाने पुसलं आणि म्हणाले, "आता जा. क्लिअर आहे एकदम."

मी गेले.

काय सांगू बाई! कानात वारा शिरला तो शिरलाच. पहिल्यांदा बैलगाडी केली, वेग कमी झाला. वळले. परत वळले. मी, जिला शनवाऱ्यात रस्ता ओलांडायचा तर रिक्षावाल्यांना हात जोडावे लागतात! मग खाली सपाटीजवळ कोणास ठाऊक काय झालं, उजवी फळी डावीला भेटायला गेली आणि मी तोंडावर. तोंडात बर्फ, नाकात बर्फ. तो मुलगा धावत आला. मी म्हटलं, "हाथ मत लगाना, मैं उठूँगी." एक काठी टेकली, गुडघा टेकला, आईला हाक मारली, ह्यांच्या खानदानाला चार शब्द ऐकवले, आणि उठले. आपली आपण.

मागून हे ओरडत आले, "कॅमेरा ठीक आहे ना?"

बहादरपूरला पोचल्यावर नातीने अक्काच्या खोलीत टीव्हीला ते जोडलं. अक्काने उश्या टेकवून घेतल्या, चष्मा लावला. सून हातातलं काम टाकून दारात उभी. आणि पडद्यावर काय? पांढरं. म्हणजे बर्फ नाही हो. नुसतं पांढरं, दुधात चुना कालवल्यासारखं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ह्यांनी त्या गार काचेवर जी प्रेमाने फुंकर घातली होती, तिचाच तिथल्या तिथे बर्फ झाला होता. हे म्हणाले, "ह्याला दवबिंदूचं शास्त्र असतं."

"आधी नव्हतं का ते शास्त्र?" मी विचारलं.

अक्का पडद्याकडे बघत राहिली. शब्दाला जागणारी बाई ती. दाखवलंस तर, म्हणाली होती. आणि मी दाखवला काय, तर चुना. नातीने बंद करायला रिमोट उचलला.

"थांब," अक्का म्हणाली. "आवाज वाढव."

पांढऱ्या पडद्यातून फळ्यांचा खरखर आवाज येत होता, आणि माझा श्वास, लोहाराच्या भात्यासारखा. अक्काने चष्मा काढून पोटावर ठेवला, डोळे मिटले.

"इथे वळलीस का वं?"

"हो."

"भ्यालीस."

"नाही काही."

"भ्यालीस. गंजीवर पण अशीच नाकातून आवाज काढायची." मग फळ्यांचा आवाज बदलला, मऊ झाला. "आता सपाटी आली." आणि धप्प! मग काहीच नाही. सुनेने तोंडावर पदर धरला. मग त्या पांढऱ्यातून माझं ते, हाथ मत लगाना. मग आई गं. मग ह्यांच्या खानदानाबद्दल जे काही होतं ते, स्पष्ट, एकेक अक्षर. ह्यांच्या कॅमेऱ्यात आवाज मात्र फार छान येतो. मग काठी टेकल्याचा आवाज, आणि माझं हसणं.

"परत लाव," अक्का म्हणाली. "पडते तिथून."

परत लावलं. तिसऱ्यांदा पण लावलं. हे उठून पाणी प्यायला गेले.

मी हळूच म्हटलं, "अक्का, पण दिसलं नाही ना काही."

"दिसलं नाही तर काय झालं, पडलीस ते ऐकलं, उठलीस ते ऐकलं. मी काय बहिरी आहे?" आणि सुनेकडे बघून म्हणाली, "त्याच्यावरचा टॉवेल काढ."

कोणाला क्षणभर कळलंच नाही. मग सून पळाली. वॉकर पलंगाजवळ आला. अक्काने दोन्ही पाय खाली सोडले. मी पुढे हात केला.

"हात नको लावू," ती म्हणाली. मग जरा थांबून, "जवळ मात्र राहा."

तेवढ्यात हे आत आले. असा प्रसंग चुकवतात का! कॅमेरा उचलला, एका गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला. अक्काने वॉकरवर भार दिला, ओठ आवळले, आणि उठली. नाकातून आवाज काढत उठली, पण ते मी बोलले नाही. एक पाऊल. मग दुसरं. पलंगाच्या पायथ्यापर्यंत गेली, तिथला खांब धरला, आणि घामाने भिजलेल्या चेहऱ्याने आमच्याकडे वळून बघितलं. हे खटाखट बटण दाबत होते.

ती परत बसली तशी सगळे कॅमेऱ्यावर वाकले. ह्यांनी फोटो उघडला. काळा. दुसरा, काळा. सगळे काळे. ह्यांनी कॅमेरा उलटा करून बघितला. काचेवरचं झाकण काढायचं राहिलं होतं.

नात बिचारी खिडकीबाहेरची केळी बघायला लागली.

"बरं झालं," अक्का धापा टाकत म्हणाली. "सकाळपासून केस विंचरलेले नाहीत."