अर्धी राहिलेली पोथी

दहा पुरुष जमल्याशिवाय तोरेची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडत नाहीत, आणि संभाजीनगरात आमच्या माहितीतलं ज्यू घर एकच, ते म्हणजे आमचं. बाबांनी त्यावर तोड काढली होती. तोरेचे वर्षभरासाठी भाग पाडलेले असतात. त्या त्या आठवड्याचा भाग ते दर शनिवारी छापील मराठी पुस्तकातून मोठ्यानं वाचायचे. ऐकायला आई, मी आणि शेजारच्या मावशी.

मावशी पाचोडच्या. ही आमची पोथी, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसायच्या आणि तरी भांडायच्या. गोष्टीतल्या धाकट्या भावानं आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद लाटला, तेव्हा तर त्या थर्मासमधला चहाही न घेता उठून गेल्या. बाबांना याचा कोण आनंद! ते शनिवार मला अजून हवेहवेसे वाटतात.

यंदा श्रावणात बाबा गेले. आईनं पुस्तक कापडात बांधून टाकलं. वर्षाचा शेवटच तेवढा वाचायचा राहिला होता. हे आता पुण्याच्या सिनेगॉगला देऊन टाकू, असं ती म्हणायला लागली. मला ते मुळीच पटत नव्हतं, पण तिच्यापुढं बोलायची माझी काय टाप! मावशींची मात्र होती.

"वहिनी, पोथी अर्धी सोडू नाय," त्या दारातूनच म्हणाल्या. "पुरी करा, मंग कुठं द्यायची तिथं द्या."

आईनं कापडाची गाठ सोडली. राहिलेले भाग मी रोज थोडे थोडे वाचले. सिम्हाथ तोरा, म्हणजे तोरा पुरी होते त्या सणाला, शेवटचा भाग आला. चाळीस वर्षं लोकांना घेऊन चाललेल्या मोशेला देव डोंगरावरून कबूल केलेला देश दाखवतो, आणि तिथं पाऊल न टाकताच मोशे मरतो. डोळे पुसत मी पुस्तक मिटायला लागले.

आईनं मध्येच हात घातला. "इथं मिटायचं नाही. तुझे बाबा इथं कधी थांबले नाहीत."

शेवट वाचला की त्याच बैठकीत सुरुवातही वाचायची, हा त्या दिवसाचा रिवाज. रडण्याच्या भरात मी तो विसरलेच होते. आईनं पुस्तक ओढून घेतलं, पहिलं पान काढलं आणि जगाचा पहिला दिवस चष्म्याशिवाय वाचून दाखवला.

मावशींनी पुस्तकाला हात लावून नमस्कार केला. पोथी पुरी झाली, आता पुण्याला कधी धाडायची, असं त्यांनी विचारलं.

"कुठं पुरी झाली?" आई म्हणाली. "शनिवारी वेळेवर या. जगातल्या पहिल्या दोघा भावांचं भांडण आहे."