उघड्या दारांची सरासरी

मोरोक्कोतल्या अगादीरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवणारे उस्ताद बिही दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर दारं काढत. वीस-पंचवीस दारं, काही उघडी, काही बंद. चित्रकलेच्या नावानं सगळा आनंदच होता, त्यामुळे मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारी, "उस्ताद, ही दारं आहेत की दात?" वर्ग खिदळे. उस्तादही हसत आणि मग सांगत, "उघड्या दारांतून आत जाऊन जे पाहिलं, मोजलं, त्याची सरासरी काढली, ते झालं वर्णन. त्यात चुकलात तर बेरीज चुकली, पुन्हा करा. पण बंद दारांबद्दल तोंड उघडलंत की ते झालं अनुमान. त्यात चुकलात तर..." इथे ते थांबत, हातावरचा खडू झटकत आणि पुस्तक उघडायला सांगत. ते वाक्य त्यांनी निवृत्त होईपर्यंत एकाही वर्गात पुरं केलं नाही.

ते पुरं करायचं तर अगर्दला जावं लागलं असतं.

अगर्द हे त्यांचं गाव, डोंगरातलं. एक खालची वाडी, झऱ्याच्या कुशीत. एक वरची वाडी, कड्यावर. वरच्या वाडीला पाणी म्हणजे पावसाचं, दगडात खोदलेल्या टाक्यांत साठवलेलं. पाऊस झाला तर वर्ष निघे. नाही झाला तर बायकांनी गाढवं घेऊन झऱ्यावर उतरायचं आणि भरल्या कॅनांनिशी पुन्हा कडा चढायचा. बिहीची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं तिच्या बहिणीनं, वरच्या वाडीतल्या लाल्ला रकियानं. तिच्याच चुलीपुढे बसून तो जवाच्या भाकरीला अमलू, म्हणजे बदाम वाटून केलेलं तेलकट लेपण, लावून खायला शिकला आणि तिच्याच अंगणात बदाम मोजत बेरीज शिकला. रकियाला बऱ्याच उशिरा एक मुलगी झाली, तुदा. बिही शहरात शिकायला गेला तरी सुट्टीत आला की तुदाला पुढ्यात घेऊन बदामांचे ढीग करी. पोरगी तल्लख होती. ढीग बघूनच सांगायची, "बिही, तू दोन खाल्लेस."

"कशावरून?"

"तुझं तोंड हलतंय."

बिही पंचविशीला आला तेव्हा दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू होतं. पाण्याच्या खात्यात त्याला नुकतीच नोकरी लागली होती आणि खात्यानं ठरवलं होतं की ज्या गावांत बायकांना पाण्यासाठी सरासरी तासापेक्षा जास्त चालावं लागतं, तिथे आधी नळ न्यायचा. सगळ्या घरांत जाणं कुणाच्यानं होणार? म्हणून प्रत्येक गावातली काही घरं चिठ्ठ्या टाकून काढायची, त्यांनाच विचारायचं आणि त्यावरून गावाचं ठरवायचं. शितावरून भाताची परीक्षा, ही रीत काही वाईट नाही. फक्त शीत वरवरचं उचललं तर तळाशी करपलेलं कळत नाही, एवढंच.

अगर्दचं काम बिहीनं मागून घेतलं. त्याआधीच्या सणाला गेला होता तेव्हा रकिया म्हणाली होती, "नळ आला तर तुदाची शाळा टिकेल रे. नाही आला तर मी एकटी किती वाहू? माझी कंबर आता जुन्या गाढवासारखी झाली आहे, बसली की उठत नाही." तुदा तेव्हा चौथीत होती. बिहीनं छातीला हात लावून सांगितलं, "मावशी, मी स्वतः येणार आहे मोजायला. तू काळजी सोड."

आणि आला की. सकाळी जीपमधून उतरला तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि खिशात दोन पेनं. खालच्या वाडीतली घरं भराभर झाली. झरा दाराशीच, बायका घरीच. मग कडा चढून तो वरच्या वाडीत गेला. चिठ्ठीत निघालेलं पहिलंच घर रकियाचं होतं. दाराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्यालाही. खात्याचा नियम असा, की घर बंद असेल तर त्याच दिवशी पुन्हा जाऊन बघावं आणि तरीही बंद असेल तरच शेजारचं उघडं घर घ्यावं. पण ऊन चढत होतं आणि खाली ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तेवढ्यात शेजारच्या अबेल्ला हाजींनी हाक मारली.

"अरे रकियाच्या पोरा! कुलपाशी काय बोलतोस? इकडे ये, चहा उतरलाय."

"हाजी, ही घरं लागली होती चिठ्ठीत."

"लागली असतील. पण घरात माणूस नाही त्याला तू काय करणार? मला विचार. मीही अगर्दचाच आहे, फ्रान्सहून नाही आलो."

हाजींचं म्हणणं बिनतोड होतं आणि चहाला पुदिन्याचा वास येत होता. हाजींचे दोन मुलगे कासाब्लांकात किराणा दुकानं चालवत, त्यामुळे अंगणात भलं मोठं टाकं होतं आणि ते कोरडं पडलं की टँकर मागवला जाई. त्यांच्या घरच्या बाईला पाण्यासाठी उंबरा ओलांडावा लागत नसे. बिहीनं त्यांचं उत्तर लिहिलं. मग पलीकडच्या दोन उघड्या घरांचं लिहिलं, तिथेही टाकी होती. रकियाचं घर गळालं याचं त्याला जरासं बरंही वाटलं. आपल्याच मावशीचं घर घेतलं असतं तर उद्या कुणी म्हणालं असतं, पोरानं घरच्यांसाठी आकडा फुगवला. आपण कसे निःपक्षपाती, असं वाटत तो कडा उतरला. माणूस आळसाला तत्त्वाचा अंगरखा घालतो तेव्हा तो अंगाला अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो.

जीप निघाली. दुसऱ्या वळणावर, झऱ्याकडून वळसा घालून वर चढणाऱ्या गाढवांच्या वाटेवर, धुळीत काही बायका आणि गाढवं दिसली. एक पोर पुढे धावत आलं आणि हात हलवू लागलं. गाडी दिसली की पोरं हात हलवतातच. बिहीनंही खिडकीतून हात हलवला.

अगर्दची सरासरी अर्ध्या तासाच्याही आत आली. नळ शेजारच्या खोऱ्यात गेला.

बिहीला धक्का बसला, पण आकड्यांवर त्याचा देवासारखा विश्वास होता. आपणच लहानपणापासून रडगाणं ऐकत आलो, खरं गाव एवढं वाईट नसेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पुढच्या सणाला तो गावी गेला तेव्हा रकिया अंथरुणावर होती. तुदा भाकरी भाजत होती आणि तिचं दप्तर खुंटीवर धूळ खात होतं.

"शाळा?" बिहीनं विचारलं.

"शाळेला काय होतंय, ती आहे जागेवर," तुदा तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "मीच नाही जात."

रकियानं आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "बाळा, तुझ्या मोजणीत आम्ही नव्हतो का रे?"

"मी आलो होतो, मावशी. कुलूप होतं. कुठे गेला होतात सगळ्या?"

"कुठे जाणार?" रकियाला प्रश्नच कळला नाही. "झऱ्यावर."

बिहीच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. झऱ्यावर. पाणी लांब होतं म्हणून दारं बंद होती. ज्यांचं पाणी घरात, त्यांचीच दारं उघडी. त्यानं अख्ख्या गावाचं ठरवलं होतं, पण ज्यांना विचारायचं होतं नेमकं त्यांना सोडून. त्याला आपली शरम वाटली, इतकी की त्या घरात त्याला त्या दिवशी पाणी पिववेना.

परत गेल्यावर तो साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी कागद चाळला. "बेरीज चुकली आहे?"

"नाही."

"भागाकार?"

"नाही. त्या घरांपुरतं सगळं खरं आहे. पण ती घरं म्हणजे गाव नव्हे."

"मग गाव म्हणजे काय, ते तू त्या दिवशीच बघायचंस ना," साहेब म्हणाले, आणि हे मात्र त्यांचं खरं होतं. "पुढची मोजणी निघेल तेव्हा बघू."

पुढची मोजणी निघायला आणि नळ यायला तुदाला दोन मुलं व्हावी लागली. तोवर रकिया गेली होती. बिहीनं खातं केव्हाच सोडलं होतं आणि तो मास्तर झाला होता. गावी जाई तो मयतीला, लग्नाला. तुदाशी बोलणं व्हायचं ते पावसाचं, बदामाचं, मुलांचं. तिची माफी मागायची असं तो दर वेळी ठरवून जाई आणि दर वेळी तिच्या घरात चार माणसं बसलेली पाहून त्याला मनातून सुटल्यासारखं वाटे.

निवृत्त झाल्यावर मात्र तो त्याच एका कामासाठी निघाला. गावात माणसाचं कितीही वय झालं तरी बिही तो बिहीच. वरच्या वाडीत पोचायला त्याला दोनदा बसावं लागलं. तुदाच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणातून अबेल्ला हाजींचा मुलगा, आता तोही हाजी, ओरडला, "बंद आहे घर! इकडे या उस्ताद, चहा तयार आहे."

"नको. मी थांबतो."

"अहो, उन्हात कशाला? येईल ती जेव्हा यायची तेव्हा."

"म्हणूनच थांबतो," बिही म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.

सावली भिंतीवरून सरकून अंगणात आली तेव्हा तुदा वाट चढताना दिसली. केस पांढरे, चाल रकियाचीच. काखेत पाटी होती. बिहीकडे बघून ती थबकली.

"कधीचा बसलायस? मेला का कुणी?"

"नाही. तू कुठे होतीस? झऱ्यावर?"

"झऱ्यावर कशाला, घरात नळ आहे. शाळेत होते." पाटी तिनं जराशी मागे लपवली. "मशिदीच्या मागच्या खोलीत बायकांना शिकवतात. हसू नकोस. स्वतःचं नाव लिहिते मी आता, चौथीत यायचं तसं. मधलं सगळं विसरले होते."

बिही हसला नाही. "तुदा," तो म्हणाला, "त्या दिवशी मी थांबायला हवं होतं."

कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. "हो," ती म्हणाली. "हवं होतं."

तिनं "जाऊ दे" म्हणावं, एवढ्याचसाठी तो डोंगर चढून आला होता, आणि ती म्हणाली नाही. कमरेची किल्ली शोधता शोधता ती पुढे म्हणाली, "आम्ही येतच होतो. वळणावर तुमची जीप दिसली. आई म्हणाली, पळ, सांग त्याला, घरी आलो आम्ही. मी गाढव सोडून पळाले. हात केला. तू बघितलंस की माझ्याकडे."

"बघितलं."

"आणि हात हलवून निघून गेलास," तुदा म्हणाली. "मी निरोप देत नव्हते रे. थांब म्हणत होते."

बिही उंबऱ्यावरून उठून बाजूला झाला. तुदानं कुलूप काढलं, पाटी आत ठेवली आणि मागे वळून म्हणाली, "आत ये आता. ऊन लागेल."