तिसऱ्या दिवशी मारलेलं पाणी

आधी अक्षराची माफी मागते. चौथीनंतर माझा हात पेन्सिलीपेक्षा घमेल्यालाच जास्त लागला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. त्यातून ही वही माझ्या नातीची, ईराची, शाळेतली जुनी जपानी वही आहे. तिच्यात चौकोन आखलेले आहेत, एका चौकोनात एक अक्षर. माझी अक्षरं त्यात मावत नाहीत, वेलांट्या शेजारच्या चौकोनात शिरतात. सांभाळून घ्या.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी मी दुसरंच काही बोलत बसते. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही — म्हणूनच तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

माझा मुलगा संदीप जपानमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला आहे. आधी ते तोक्योत, ओजिमाला, अकराव्या मजल्यावर राहायचे. दोन हजार अकराच्या भूकंपात माझी सून मेघना घरात एकटी होती, ईरा पोटात होती. त्या दिवसानंतर ती एकच म्हणायची, मला जमिनीवरचं घर हवं. काही वर्षांनी संदीपला घरून काम करायची मुभा मिळाली आणि त्यांनी नागानोच्या डोंगरात एक जुनं घर घेतलं. मी पुण्याहून वर्षातून एकदोनदा जाते. तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो, तो संपला की परत.

घर चांगलं, पण रस्त्यापासून दारापर्यंत गाडी आणायची वाट मातीची. तिथे थंडीत सगळं गोठतं, मग वितळतं, मग चिखल, मग पुन्हा बर्फ. पहिल्याच हिवाळ्यात मी घसरून मनगट मोडलं. संदीप म्हणाला, पुढच्या थंडीच्या आत इथे काँक्रीट करायचं. म्हणजे ती वाट माझ्यासाठीच होती — हे लक्षात ठेवा.

काम मारुयामा-सानना दिलं; सान म्हणजे आपलं 'राव'. गावातले म्हातारे कारागीर, सत्तरीचे, डोक्याला पांढरा टॉवेल. मातीला हात लावण्याआधी ते चार वेळा आले. पहिल्या वेळी त्यांनी फक्त एक बादली पाणी जमिनीवर ओतलं आणि ते कुठे जातंय हे उकिडवं बसून पाहत राहिले. मला ते फार आवडलं. मग कागदावर उतार काढला, पाणी घराकडे न येता रस्त्याच्या गटाराकडे जावं असा. संदीप मेघनाला सांगायचा आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायची. खाली पाणी साचलं तर त्याचा बर्फ होतो, जमीन फुगते आणि वरचं सगळं उचललं जातं. म्हणून गुडघाभर खोदायचं, खडीचे थर दाबून भरायचे, जाळी टाकायची, मध्ये सांधे सोडायचे. मालात पाणी अगदी कमी. आणि त्यात बारीक हवा धरायची, म्हणजे आत पाणी गोठलं तरी बर्फाला जागा मिळते. मारुयामा-सान तर म्हणत होते, उशीर झालाय, वसंतात करू. पण संदीपला माझ्या मनगटाची काळजी.

हे सगळं मला संदीपच्या आधी कळत होतं. खडी, उतार, सांधा. का कळत होतं?

कारण अकराव्या वर्षापासून लग्नाच्या पुढे कितीतरी वर्षं मी पुण्यात बांधकामावर बिगारी होते. माझं काम पाणी मारायचं. नव्या स्लॅबवर मातीचे वाफे करायचे, पाणी भरून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ. सगळ्यात कमी पगाराचं काम, पण माझा एकही स्लॅब कधी तडकला नाही. मुकादम म्हणायचा, "या पोरीला पाण्याचं कळतं." आयुष्यात मला कुणी हुशार म्हटलं असेल तर ते तेवढंच.

मेघनाला हे माहीत नाही. संदीपने लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, बाबा कन्स्ट्रक्शनमध्ये होते, आई घरीच. मला न विचारता सांगितलं. पण मीही कुठे खोडून काढलं? मला ते आवडलंच होतं.

काँक्रीट ओतलं तेव्हा थंडी दारात आली होती. मारुयामा-सान आणि त्यांची बायको दिवसभर राबले. संध्याकाळी त्यांनी वर प्लास्टिक आणि जाड गोधड्या घातल्या, कडेला दगड ठेवले. आठवडाभर उचलायचं नाही. जाताना ते माझ्याकडे वळले. मला जपानी येत नाही म्हणून त्यांनी हातानेच बादली ओतायची खूण केली आणि मग दोन हात छातीपुढे फुलीसारखे धरले. "मिझु, दामे."

पाणी, नको.

मला कळलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. परवाही या वहीत तसंच लिहिलं होतं, ते पान फाडलं. कळलं होतं. चांगलं कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी छान ऊन होतं. संदीप वरच्या खोलीत हेडफोन कानाला लावून मीटिंगमध्ये, मेघना कामावर, ईरा शाळेत. मी एक गोधडी, खालच्या प्लास्टिकसकट, कोपऱ्यातून उचलून पाहिली. काँक्रीट पांढरट, कोरडं. कसं सांगू — तहानलेलं मूल पाहावं तसं झालं मला. वाटलं, हा म्हातारा माणूस भला आहे, पण पाण्याचं याला काय कळतंय? इथे रात्रीच्या अंघोळीचं टबातलं पाणी टाकून देत नाहीत, कपड्यांसाठी ठेवतात. तेच मी बादलीने वाहिलं. एकेक गोधडी उचलून, सगळ्या वाटेवर, सावकाश, हाताने शिंपडत. किती दिवसांनी मी काहीतरी नीट करत होते! मग गोधड्या होत्या तशा घातल्या. दगड होते तसे ठेवले.

त्या रात्री सगळं गोठलं.

आठवड्याने मारुयामा-साननी गोधड्या ओढल्या तेव्हा त्या चिकटून आल्या. खालून काँक्रीटचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. त्यांनी बोट फिरवलं, पीठ निघालं. मग संदीपला त्यांनी हळू काही विचारलं.

संदीप हसत माझ्याकडे वळला. "आई, विचारतायत, कुणी पाणी टाकलं का. तू नाही ना मारलंस पाणी-बिणी?"

मी तोंड उघडायच्या आत मेघना म्हणाली, "काहीतरीच काय रे! आईंना काय कळतंय सिमेंटमधलं? उगाच घाबरवू नकोस त्यांना."

आणि मी म्हटलं, "मी कशाला बाई मारू पाणी?"

एवढंच. एवढंच माझं वाक्य. मुद्दाम "बाई" म्हटलं, मेघनाकडे बघून, तिला हसू यावं म्हणून. ती हसली. संदीप माझ्याकडे न बघता मारुयामा-सानना म्हणाला, कुणीच नाही. त्याला शंका आली होती का? मला माहीत नाही. माझी चूक मी त्याच्याशी वाटून घेणार नाही.

मारुयामा-सान उभे राहिले आणि वाकले. संदीपपुढे, मेघनापुढे — आणि माझ्यापुढे. माझ्यापुढे जास्त वेळ, कारण ती वाट माझ्यासाठी होती.

वसंतात मी परत गेले तेव्हा ते सगळं फोडत होते. नवा माल स्वतःच्या पैशाने आणला, संदीप देत होता तरी घेतले नाहीत. त्यांची बायको डबर उचलत होती. मी खिडकीतून पाहत होते. घमेलं ती चुकीचं धरत होती, कमरेला त्रास होईल असं. तेवढं दाखवायलाही मी बाहेर गेले नाही.

दुसरी वाट पक्की झाली. इतके हिवाळे गेले, एक टवका उडालेला नाही. पण ते त्यांचं शेवटचं काम. संदीपने विचारलं, का सोडलं? तर म्हणाले, सगळं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, उतार, खडी, माल, दिवस. कुठे चुकलं ते सापडलं नाही. चूक सापडली असती तर सुधारली असती. सापडत नाही, म्हणजे हातच गेला.

संदीप हे मला जेवताना सांगत होता. मी त्याला आणखी भात वाढला.

अवजारं त्यांनी विकली. आता ते बायकोबरोबर सफरचंदांच्या बागेत असतात. आमच्या घरावरून जाताना थांबतात, वाकून काँक्रीटवर बोटं फिरवतात, मी दिसले की नमस्कार करतात. दर वर्षी. एक शब्द मी सांगितला असता तर त्यांचे हात त्यांना परत मिळाले असते. शब्द तरी किती? "मिझु" मला येतच होतं. स्वतःकडे बोट दाखवायलाही भाषा लागत नाही.

गेल्या वर्षी मी पुण्यात माझी पाटली मोडली, बिगारीच्या पैशातून केलेली. मारुयामा-सानच्या पहिल्या कामाचं बिल माझ्या ट्रंकेत होतं, आकडे मला वाचता येतात. तेवढे येन पाकिटात घालून, नाव न लिहिता, त्यांच्या टपालपेटीत टाकले. पैसे देणं सोपं होतं, म्हणून पैसे दिले.

चार दिवसांनी संदीप म्हणाला, "ऐकलंत का? कुणीतरी वेड्याने मारुयामा-सानच्या पेटीत पैसे टाकले, आणि हे महाशय पाकीट घेऊन थेट पोलीस चौकीत!"

"मी असते तर गुपचूप नवा फोन घेतला असता," मेघना म्हणाली.

ईराने मान वर केली. "तीन महिने कोणी आलं नाही तर पैसे त्यांचेच, आजी. शाळेत सांगितलंय."

मी ते तीन महिने मोजले. व्हिसा आधी संपला, मी पुण्याला आले. काल संदीपचा फोन होता. कोणी आलं नाही, चौकीने पैसे मारुयामा-सानना दिले. ते पाकीट घेऊन ते तसेच आमच्या दारात आले होते. पहिली वाट वाया गेली त्या हिवाळ्याची भरपाई म्हणून आईंना द्या, म्हणाले. संदीपने हात जोडून परत पाठवलं.

पैसे त्यांच्याकडेच आहेत. पैसे तेवढे फिटले.