तेलिपिनूचे उलटे बूट

आमच्या स्टुडिओत त्यांना सगळे 'खोडरबर' म्हणायचे. मागे नव्हे, तोंडावरच. एक रेघ काढायची, लांबून बघायची, खोडायची, पुन्हा काढायची, असा त्यांचा दिवस जायचा आणि शर्टाच्या पुढच्या बाजूला रबराचा चुरा कायम असायचा. संगणकाच्या पाटीवर पेन टेकवून चित्र काढायला ते साठीला टेकल्यावर शिकले. मी वयाने त्यांच्या निम्मी आणि हुद्द्याने वरची. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे. मॅडम म्हणताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू असायचं, ते मला खुपायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यात या खुपण्याचा वाटा किती, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

आमच्याकडे येण्याआधी सव्वीस वर्षं ते घरगुती यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकांची चित्रं काढत होते. मिक्सरचं झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं, इस्त्रीत पाणी कुठून ओतायचं, तसली. आपण ती पुस्तिका खोक्याबरोबर फेकून देतो आणि यंत्र अडलं की घरभर शोधतो. चित्रातला हात डावा की उजवा, अंगठा कुठे, बाण कुठे वळतो, यात सव्वीस वर्षांत त्यांची एकही चूक निघाली नव्हती. नवीन माणूस कामावर आला की त्याला हे ते पहिल्याच दिवशी ऐकवायचे. बढाई मारायला त्यांच्याकडे एवढं एकच होतं, आणि ते खरं होतं.

गेल्या वर्षी एका संग्रहालयाचं मोठं काम आलं. प्राचीन अनातोलियाचं, म्हणजे आज तुर्कस्तान आहे त्या भागाचं, नवं दालन उघडत होतं. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी हित्ती नावाचे लोक राहत. त्यांच्या पुराणातली एक गोष्ट आम्ही वीस फुटी डिजिटल भिंतीवर हलत्या चित्रांत दाखवायची होती. गोष्ट तेलिपिनू या देवाची. हा पिकापाण्याचा देव एक दिवस रागावून घर सोडून जातो. मग चुलीतली लाकडं घुसमटतात, घर धुराने भरतं, गाय वासराला जवळ घेत नाही, देव पंगतीला बसतात आणि खाऊनपिऊन उपाशीच उठतात. गरुडाला शोधायला धाडतात, तो हात हलवत परत येतो. शेवटी एवढीशी मधमाशी त्याला हुडकून काढते आणि कडकडून डसते.

संग्रहालयाने मूळ गोष्टीचं भाषांतर पाठवलं होतं, सोळा पानं. काकांनी ते छापून घेतलं आणि तीन दिवस हातात पेन्सिल धरून वाचलं. मी एक पान वाचलं. पुढचा सारांश आमच्या मालकांच्या पत्रात दहा ओळींत होता, तेवढ्यावर भागवलं. मला चित्रं हलवायची होती, परीक्षेला थोडंच बसायचं होतं?

काकांनी काढलेला देव बघून मी चाट पडले, हेही कबूल करायला हवं. उंच निमुळती टोपी, फुललेल्या नाकपुड्या, आणि दारातून बाहेर पडतानाची ती ऐट, अगदी रुसून निघालेल्या जावयाची. मग नजर पायांकडे गेली. टोकाला वर वळलेले बूट होते आणि ते उलटे होते. डावा उजव्या पायात, उजवा डाव्या पायात, दोन्ही टोकं एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली.

मला हसू फुटलं. काका जेवायला गेले होते. अर्धा तास थांबून विचारायचं, एवढंच काम होतं. मी थांबले नाही. दोन क्लिकमध्ये बुटांची अदलाबदल केली आणि जुन्या फाइलवरच ती नवी साठवली. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली, की म्हाताऱ्या माणसाची चूक चारचौघांत न आणता झाकली. घरी नवऱ्याला मात्र सांगितलं.

"सव्वीस वर्षांत चूक नाही म्हणे. आता डावं-उजवंसुद्धा कळेना."

"विचारलंस का त्यांना?" नवरा म्हणाला.

मी त्याला भाजी वाढली आणि विषय बदलला.

दालन उघडायच्या आधी संग्रहालयातल्या एक बाई काम बघायला आल्या. मातीच्या पाट्यांवरची ती खिळ्यांसारखी अक्षरं त्यांना वाचता येत. काळोख्या दालनात आम्ही चौघं होतो: त्या, आमचे मालक, काका आणि मी. देव दारातून बाहेर पडला तसा बाईंनी हात वर करून चित्र थांबवायला सांगितलं.

"बूट सरळ कसे?" त्या म्हणाल्या. "पहिल्या प्रसंगात तेच तर आहे. तो इतका चिडलाय की डावा बूट उजव्या पायात घालतो आणि उजवा डाव्यात. मातीच्या पाटीवर लिहिलंय तसं. सहाव्या पानावर खूण करून पाठवलं होतं."

मालक काकांकडे वळले.

"काका, चित्र तुमचंच ना?"

"हो, माझंच." काका पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्या दोन बुटांकडे बघत होते. "मी उलटेच काढले होते. म्हणजे, मला तसं आठवतंय."

"आठवतंय म्हणजे? फाइलमध्ये तर सरळ आहेत."

"हो," काका म्हणाले. "फाइलमध्ये सरळ दिसतायत खरे."

'ते मी बदलले.' तीन शब्द. माझ्या जिभेवर होते. माणसाला जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. त्या काळोखात मला दोन्हींपैकी एकही नव्हती. मी म्हणाले, "काही हरकत नाही, मी करते दुरुस्त." आणि त्याच दोन क्लिकमध्ये बूट पुन्हा उलटे केले. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही फार चटकन सावरून घेतलंत." मी थँक यू म्हणाले. खरंच म्हणाले.

त्यानंतर काका बदलले. साधं चित्र झालं तरी शेजारच्याला बोलावून विचारायचे, "हा उजवाच हात आहे ना?" लोक थट्टा करायचे. मीही एकदा हसले, कारण न हसणं अवघड झालं असतं. पंधरा दिवसांनी त्यांनी डोळे साथ देत नाहीत असं कारण लिहून राजीनामा दिला. मी रोज ठरवायचे, आज सांगते. दिवस उलटत गेले तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं. भिंतीपुढे लोक गर्दी करत होते. उलट्या बुटांवर मुलं खदखदून हसायची. एका मासिकात माझा फोटो छापून आला, पाठीमागे तेलिपिनू.

चार महिन्यांनी संग्रहालयाला दुसरी भिंत हवी झाली, वादळाचा देव आणि सर्प यांच्या झुंजीची. हात काकांचाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. काका फोनवर नाही म्हणाले. मग मालकांनी मला पिटाळलं. "तुझं ऐकतील ते," म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. दाराबाहेर चपला काढायला वाकले आणि तशीच राहिले. काकांच्या चपलांच्या पट्ट्यांवर काळ्या शाईने दोन अक्षरं लिहिली होती, त्यांच्या त्या छापल्यासारख्या वळणात. एकीवर 'डा', एकीवर 'उ'.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. काका आत कपडे बदलत होते. तेवढ्यात ती माऊली हळू आवाजात मला सांगू लागली, "काम सांगायला आला असाल तर नका सांगू. डोळ्यांचं नुसतं निमित्त आहे हो. यांच्या थोरल्या भावाची आठवण अशीच गेली. पहिल्यांदा बारीकसारीक चुका, मग पोरांची नावं. त्या बुटांच्या चित्रापासून यांनी धसकाच घेतलाय. मनात उलटे होते आणि हातून सरळ उतरले, म्हणतात. डॉक्टर म्हणाले काही नाही. पण यांचा विश्वास बसत नाही."

काका बाहेर आले. शर्टाला इस्त्री होती आणि त्यावर चुऱ्याचा एक कणही नव्हता. "या मॅडम," म्हणाले आणि समोर बसले. त्यांच्या ओठांवर ते हसू शोधलं, ते नव्हतं.

मी भडाभडा सांगून टाकलं. तुम्ही बूट उलटेच काढले होते. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी ते सरळ केले. मी गोष्ट वाचली नव्हती. त्या दिवशी दालनात सगळं माहीत असून गप्प बसले. बोलताना मी सतत फरशीकडे बघत होते. आता ते मला घराबाहेर काढतील असं वाटत होतं. काढलं असतं तर बरंच झालं असतं.

"म्हणजे मी उलटेच काढले होते?" काकांनी विचारलं.

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही, काका."

ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे. "अगं, ऐकलंस का? मी उलटेच काढले होते. तुला सांगत होतो ना मी." मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "मॅडम, तुम्ही आलात, फार उपकार झाले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्यांची बायको मात्र हसली नाही. "चार महिने," ती म्हणाली. "रोज सकाळी उठल्यावर हा माणूस मला वार सांगायचा, तारीख सांगायचा, आणि विचारायचा, बरोबर आहे ना. एकदा चुकला नाही. तरी विचारायचा."

"जाऊ दे ना आता," काका म्हणाले.

"जाऊ देते. पण तुमच्या मालकांना माहीत नाही ना?" तिने माझ्याकडे बघून विचारलं. मी मान हलवली. "मग लावा फोन. आत्ता, माझ्यासमोर."

मी पर्समधून फोन काढला. काका घाईघाईने उठले. "मी जरा चहाचं बघतो," म्हणाले. मला मान खाली घालून बोलताना त्यांना ऐकायचं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. त्यांची बायको जागची हलली नाही. तिच्यासमोर बसून मी मालकांचा नंबर लावला.