देवराईतलं बाक
ताज्या वॉर्निशचा वास आला की मला चाकणजवळच्या टेकडीवरची देवराई आठवते. एका कंपनीने ती निसर्ग उद्यान म्हणून दत्तक घेतली, म्हणजे फिरायच्या वाटेसाठी जुनी झाडं पाडली, त्यांच्याच लाकडाची बाकं केली आणि प्रत्येक बाकावर स्वतःचं नाव कोरलं. उद्‌घाटनाच्या सकाळी मी म्हाताऱ्या आत्याला देवीच्या दर्शनाला नेलं होतं. सिमेंटच्या ठोकळ्यांवरून चालताना तिचे गुडघे भरून आले. तेवढ्यात एक साहेब फोटोग्राफरला घेऊन पुढे आला. "आजी, दमलात. बसा ना, तुमच्यासाठीच केलंय. एक फोटोही होईल." आत्या बाकाकडे बघत म्हणाली, "माझ्या बापानं हितली वाळकी काडीसुदिक चुलीला लावली न्हाई. देवीची हाय ती. आन् मी तिचं झाड बुडाखाली घिऊ व्हय?" साहेब कौतुकाने हसला, अशा लोकांना अपमानही लोककला वाटतो. आत्या लंगडत देवीपर्यंत गेली आणि मातीत बसली. कंपनीच्या कॅलेंडरवर छापलेला तो फोटो मी अजून भिंतीवरून काढलेला नाही: हसरा साहेब, रिकामं बाक आणि पाठ फिरवून चाललेली आत्या.