चौरस्त्यावरचा नारळ

शहाणपणा अंगाशी येणं म्हणजे काय, ते मला विचारा! महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी संग्रामपूरकडच्या एका खेड्यात नवा मास्तर म्हणून रुजू झालो होतो. देव नाही, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. लोक ऐकून घेत आणि माझ्या घरचं पाणी टाळत.

एकदा चौरस्त्यावर कुणीतरी उतारा ठेवला होता. आजाऱ्यावरून ओवाळलेला नारळ, लिंबू, हळदकुंकू. सगळं गाव वळसा घालून जात होतं. मला राहवेल का? चारचौघांदेखत नारळ उचलला, फोडला आणि खाल्ला. चांगला गोड निघाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे किसनराव कुंपणापलीकडूनच म्हणाले, "मास्तर, काही झालं नाही तुमाले?"

"काही नाही. त्यात काही नसतंच."

"नसतं कसं? ज्याचा उतारा होता त्याचा ताप गेला ना."

"मग गेला कुठं?"

"तुमच्यात. तुमाले देव नाही, म्हून आत गेलेलं बाहेर येत नाही."

झालं! उतारे चौरस्ता सोडून थेट माझ्या दारात येऊ लागले. नारळ, अंडी, दहीभात. कुणाची म्हैस आटली तरी लिंबू माझ्याच उंबऱ्यावर. अहो, दवाखान्यात जा, असं मी ओरडून सांगायचो. "तुमी खाऊन घ्या, मंग जातो," म्हणायचे. न खावं तर मास्तर घाबरला, खावं तर उतारा लागू पडला. मी हट्टानं खात राहिलो. माझी बायको इंदू त्यातल्या कशालाही हात लावायची नाही. तिला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, ते वेगळंच.

मग मी आजारी पडलो. मुदतीचा ताप होता, शुद्ध हरपायला लागली. दवाखाना लांब, बैलगाडीशिवाय जाणं नाही. इंदू किसनरावांकडे गाडी मागायला गेली.

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. "वहिनी, गाडी उभीच हाये. पण मास्तर बरे झाले तं त्यायच्यातलं सारं कुठी जाईन? आमच्याच घरी वापस येईन ना."

पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्या दारीही तेच. भांडलं कुणीच नाही. एका म्हातारीनं तर मी सुखानं जावं म्हणून देवापुढे दिवा लावला. हसा, हसा. मला तेव्हा फार भीती वाटली होती.

इंदूचा भाऊ दुसऱ्या गावचा. तो सहज भेटायला बैलगाडी घेऊन आला, म्हणून मी वाचलो. पण तो यायच्या आदल्या दुपारी इंदूनं धीर सोडला. दुकानातून नारळ आणला, माझ्यावरून ओवाळला आणि डोळे पुसत बाहेर गेली. बऱ्याच वेळानं परत आली, तर नारळ हातात तसाच.

"अगं, चौरस्त्यावर ठेवायचा ना," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो!

ती उंबऱ्यावर बसली. "तिथं आता लागू होत नाही मनतात सारे. तुमी खाल्ल्यापासून उतारा नास्तिकाच्याच दारात ठेवा लागते. आन् तुमच्याबिगर या गावात दुसरा नास्तिक हाये कुठी?"