नवतेजचा पडलेला दात

मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाइनमधल्या एका भाड्याच्या घरात नवतेज गिल चार पंजाबी पोरांबरोबर राहायचा. सकाळी स्वयंपाकाचा कोर्स, संध्याकाळी गोदामात खोकी उचलायची. घरातला परमबीर, म्हणजे पम्मा, त्याच्याच गावचा. दोघं एका शाळेत शिकले, एकाच विमानातून इथे उतरले. पण माणसं जमायची ती परमबीरभोवती. गुरुद्वारात म्हाताऱ्या बायका त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि नवतेजच्या हातात घासायची भांडी द्यायच्या. हे नवतेजला लहानपणापासून सलत आलं होतं.

त्या उन्हाळ्यात भर दुपारी स्टेशनजवळच्या पुलाखाली तीन गोऱ्या पोरांनी त्याला गाठलं. "ए करीखाऊ, चालता हो तुझ्या देशात!" म्हणत एकाने बाटली तोंडावर हाणली. पुढचा दात पडला. पोलिसांत जावं तर व्हिसाचं लचांड होईल, घरी कळवावं तर आई परत बोलावून घेईल. म्हणून तो मुकाट घरी आला.

"जिन्यावरून घसरलो," त्याने सांगितलं.

"जिन्याला नाही ना रे लागलं?" परमबीर म्हणाला. सगळे खो खो हसले. शेजारच्या खाटेवरचा कुलवंत तर पोट धरून हसला. नवतेजही हसला, ओठ मिटून.

थंडी पडली आणि परमबीरला चालत्या ट्रेनमध्ये मारलं. शिव्या तशाच, हत्यार तेवढं वेगळं, लोखंडी पाना. त्याचा डावा डोळा गेला.

मग टीव्हीवाले आले, पुढारी आले, गुरुद्वारात त्याच्यासाठी अरदास, म्हणजे प्रार्थना झाली. कोणी एक गोरी आजी रोज घरी भाजलेला केक घेऊन हॉस्पिटलात येऊ लागली. नवतेज खुर्चीत बसून पाहत राही. पट्टी बांधलेल्या माणसाचा हेवा करावा, ही काय रीत झाली? पण तो करत होता.

गावाहून आईचा फोन आला. "पम्माला टीव्हीवर पाहिलं रे. अख्खं गाव रडलं. त्याला जप हो, पुत्तर. तुझं बाकी बरं चाललंय, वाहेगुरूची कृपा."

"हो, बीजी," तो म्हणाला. जीभ आपोआप दाताच्या खिंडारात गेली.

रविवारी गुरुद्वारात सभा भरली. सुरजीत कौर नावाच्या टॅक्सी चालवणाऱ्या बाईने विचारलं, "आणखी कोणाकोणाला मारलंय? लाजू नका, हात वर करा."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग एका किडकिडीत मुलीने हात वर केला. मग मागच्या दोघांनी. बघता बघता अर्धी सभा हात वर करून बसली, आणि त्यात कुलवंतही होता! नवतेजचा हात सगळ्यात शेवटी वर गेला.

"तुझा तो जिना..." कुलवंत पुटपुटला.

"तू कुठल्या जिन्यावरून पडलास?" नवतेजने विचारलं. या वेळी कोणीच हसलं नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलात त्याने परमबीरला सगळं सांगितलं. परमबीरने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तेव्हाच तोंड उघडलं असतंस, तर मी त्या डब्यात एकटा बसलो नसतो रे."

"तुझ्यासाठी सगळे रडले. मी जळलो तुझ्यावर, पम्मा."

"मग घे ना! केक घे, फुलं घे. डोळापण घे!" परमबीर ओरडला. नर्स धावत आली आणि तिने नवतेजला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी नवतेज आणि कुलवंत पोलीस चौकीत गेले. ट्रेनमधल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या फोटोंमधून नवतेजने बाटलीवाला ओळखला. परमबीरला मारणाऱ्यांतही तो होताच. त्याला शिक्षा झाली. बाकीचे सापडले नाहीत.

परमबीर गावी परतला. वर्षभर नवतेजशी बोलला नाही, मग एके दिवशी आपणहून त्याने फोन केला, "काय रे, दात बसवलास का?"

नवतेज आता मेलबर्नमध्ये बस चालवतो. दर बैसाखीला परमबीरच्या अंगणातला फोटो येतो. त्यात परमबीरच्या खांद्यावर हात ठेवून नवतेजची आई उभी असते, हसत. नवतेज फोटोकडे बराच वेळ पाहतो, "लेकाचा नशीबवान," असं म्हणतो आणि बस सुरू करतो.